दाराजवळचा बाक

नाद्पाताकच्या चर्चची घंटा बोरीनेनी, म्हणजे बोरीमावशी, एकोणीस वर्षं वाजवत होती, आणि एकोणीस वर्षं दर रविवारी तिला वाटायचं की आज दोर तुटणार. दोर एकदाही तुटला नाही. पण म्हणून काळजी सोडून द्यावी असं तिच्या मनात कधी आलं नाही. तिची काळजी पाळलेल्या मांजरासारखी होती. दार लावून घेतलं तर खिडकीतून आत यायची.

तिचं काम तसं आटोपशीर होतं. शनिवारी झाडलोट, प्रभूच्या मेजावरच्या भरतकामाच्या कापडाला इस्त्री, थंडीत शेगडी, आणि रविवारी तीन घंटा. पहिली घंटा झाली की गावाने तोंड धुवायचं, दुसरीला घराबाहेर पडायचं, आणि तिसरी चालू असेपर्यंत आपापल्या जागेवर बसून घसा खाकरायचा. तिसरी थांबली की पाळकसाहेब आत येणार. दुसरी आणि तिसरीच्या मधल्या वेळात बोरीनेनी दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायची आणि “आशीर्वाद, शांती” म्हणायची. मंडळी त्रेचाळीस. सगळे हात तिच्या ओळखीचे. कुणाचा संधिवात वाढला, कुणी नुकतीच गाय दोहली, डोळे मिटूनसुद्धा सांगितलं असतं तिने.

आत पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. कोण कुठे बसतं हे कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे त्यात खाडाखोडही होत नाही. बाईला जागा मिळते ती एकाच रीतीने. लग्नानंतरच्या रविवारी सासू तिला हाताला धरून आपल्या बाकापर्यंत नेते आणि म्हणते, “हिला मी आणलंय.” शेजारच्या बायका सरकतात. झालं. पुढे तिला त्या जागेवरून उठवायचं तर शवपेटीच आणावी लागते.

बोरीनेनीची जागा चौथ्या बाकावर, झेनीच्या शेजारी. पण घंटा हातात आल्यापासून ती दोरापाशीच उभी असे, आणि एकोणीस वर्षांत झेनी हळूहळू पसरत गेली होती. जागा बोरीनेनीची, ताबा झेनीचा. कुणी विचारलंच तर बोरीनेनी सांगायची, “लेहेलच्या बायकोसाठी ठेवलीय.” लेहेल तिचा मुलगा. सीमेपलीकडे हंगेरीत, ग्यॉर शहरात, मोटारींच्या कारखान्यात. सून दोन वर्षांनी एकदा ईस्टरला यायची आणि चार दिवस फोन चार्जिंगला लावून त्याच्याशेजारी बसून राहायची. “पुढच्या वर्षी येणारेत कायमचे,” असं बोरीनेनी दरवर्षी सांगायची. गावही दरवर्षी “हो का?” म्हणायचं.

यंदा जुलैच्या शेवटी मात्र बोरीनेनीच्या काळजीला पहिल्यांदाच खरंखुरं कारण मिळालं.

गावाच्या टोकाचं, ओढ्याजवळचं घर एका बाईने घेतलं. त्युंदे तिचं नाव, चौतिशीची, तालुक्याच्या दवाखान्यात नर्स. बरोबर सात वर्षांची मुलगी, रेका. दुसऱ्याच रविवारी दोघी चर्चला आल्या, त्याही तिसरी घंटा चालू असताना. बोरीनेनीच्या हातात दोर, आत सगळे बाक भरलेले. म्हणजे भरलेले नव्हते. अर्धे रिकामेच होते. पण रिकाम्या जागासुद्धा कुणाच्या ना कुणाच्या होत्या. सातव्या बाकावर बसवावं तर ती वारलेल्या रोझालियाची जागा, वर्ष झालेलं नाही. सहाव्यावर बसवावं तर दोन जावांच्या भांडणात तिसरी. मुलगी खोकत होती. दोर वर ओढत होता. बोरीनेनी घाबरली आणि घाबरलेल्या माणसाला जे सगळ्यात जवळ दिसतं तेच तिने दाखवलं.

“इथं बस, बाळा. दाराशी वारा आहे.”

तो दाराजवळचा आखूड बाक होता. त्याला नाव नाही आणि मालकही नाही. कारण जुन्या काळी लग्नाआधी पोट दिसू लागलेली पोरगी, चोरी करताना सापडलेला माणूस, असल्यांना तीन रविवार त्या बाकावर बसवत, आणि तिसऱ्या रविवारी उभं राहून सगळ्यांसमोर क्षमा मागायला लावत. बोरीनेनी सहा वर्षांची असताना तिथे काळा रुमाल बांधलेली एक मुलगी बसलेली तिने पाहिली होती. त्यानंतर कुणी बसलं नाही. तिला वाटलं, साठ वर्षं झाली. गाव विसरलं असेल.

गाव काय विसरतं? गाव वीजबिल भरायचं विसरेल.

त्युंदे बिचारी रीतभात पाळणारी. घंटावालीने दिलेली जागा म्हणजे आपली जागा, असं धरून ती पुढचे सगळे रविवार तिथेच बसली आणि गीतं मोठ्याने, सुरात म्हणू लागली. पुढच्या बाकांवरच्या माना ताठ होत गेल्या.

दुकानाच्या पायरीवर झेनीने बोरीनेनीला गाठलं.

“बोरी, मला तरी सांग. काय केलंय तिनं?”

“कुणी?”

“कुणी म्हणे! त्या नर्सनं. तूच बसवलंस ना तिला तिथं?”

“अगं, मुलीला खोकला होता.”

“खोकल्याला मध देतात, बोरी. तो बाक देत नाहीत.” झेनी जवळ सरकली. “तुला शपथ घातली असेल तर बोलू नकोस. नुसती मान हलव.”

बोरीनेनीने जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

“बघ!” झेनी मागच्या बाईला म्हणाली. “एवढं भयंकर आहे की सांगतासुद्धा येत नाही.”

त्यानंतर फाटकं बंद होऊ लागली. पहिल्या आठवड्यात त्युंदेकडे ब्लडप्रेशर मोजून घ्यायला रांग लागायची. अल्बर्टबाची, म्हणजे अल्बर्टकाका, चर्चचा कारभारी, दिवसातून दोनदा मोजून घ्यायचा आणि दोन्ही आकडे गावभर सांगायचा. आता त्याला तब्येत एकदम बरी वाटू लागली. ऑगस्टात आलुबुखाऱ्याचा मुरंबा घालायला अंगणाअंगणात कढया चढल्या. त्या ढवळायला शेजारणींना हाक मारतात, आणि नव्या माणसाला तर आधी मारतात, कारण त्याचे हात ताजे असतात. त्युंदेला कुणी हाक मारली नाही. ती रोज संध्याकाळी बसमधून उतरून कढयांच्या धुरातून घरी जायची, आणि बोरीनेनी पडद्याआडून बघायची. दारात उभं राहणाऱ्या बाईचं काम एकच, आलेल्याला आत घेणं. एकोणीस वर्षांत एकच नवा माणूस आला होता, आणि त्याला तिने कुठे बसवलं!

ती पाळकसाहेबांकडे गेली. देनेश पाळक एकोणतीस वर्षांचे, शहरातून आलेले, सगळ्याला उपाय असणारे.

“बोरीनेनी, बाक म्हणजे बाक. लाकूड आहे ते,” ते म्हणाले. “त्यात काय एवढं? मी रविवारी जाहीर करतो, यापुढं कुणीही कुठंही बसावं.”

“नको!” बोरीनेनीने त्यांची बाहीच धरली. “साहेब, माणसं मरतील!”

“मग तुमच्या रीतीनं काय करतात, ते तरी सांगा.”

“कुणीतरी तिला हाताला धरून आपल्या बाकावर न्यायला हवं.”

“छान! कोण नेईल?”

बोरीनेनीने त्यांची बाही सोडली. उत्तर तिला ठाऊक होतं. गावात मालकिणीशिवाय पडून असलेली, देता येण्यासारखी जागा एकच होती. पण ती दिली की पुढच्या वर्षी कोण येणार आहे हा प्रश्न कायमचा मिटणार होता.

ऑगस्टचा शेवटचा रविवार नव्या भाकरीचा. नव्या गव्हाची भाकर प्रभूच्या मेजावर ठेवायची आणि सगळ्यांनी वयाप्रमाणे जाऊन प्रभूभोजन घ्यायचं. त्या दिवशी सगळं गाव येतं, अंथरुणाला खिळलेलेही. त्याच्या आदल्या दुपारी बोरीनेनी आलुबुखारा भरलेल्या डंपलिंगांची ताटली फडक्याखाली झाकून त्युंदेच्या घरी गेली. फाटकापाशी तीनदा परत वळली. चौथ्यांदा त्युंदेनेच खिडकीतून हाक मारली, “बोरीनेनी, काही हरवलंय का?”

स्वयंपाकघरात खोकी अजून अर्धी बांधलेली होती. की पुन्हा बांधायला घेतलेली? बोरीनेनीला ते बघवेना. त्युंदेने कॉफी ठेवली.

“या गावात तुम्ही एकट्याच माझ्याशी नीट वागलात,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी तुम्ही जागा दिलीत. दाराजवळ, रेकाला बाहेर नेता येईल अशी. मी दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं.”

“सगळ्यांना?” बोरीनेनीचा कप बशीवर वाजला.

“बाकीच्यांना काय झालंय कळत नाही मला. मी काही बोलले का? इथं काही पथ्यं असतात का, जी मला माहीत नाहीत?”

बोरीनेनी सांगायला आली होती, पण सांगण्याचं धाडस घरीच विसरली होती. तिने आधी हवेबद्दल सांगितलं, मग दोराबद्दल. मग एकदम, श्वास न घेता, बाकाबद्दल सगळं सांगून टाकलं. काळ्या रुमालाच्या मुलीसकट.

त्युंदे चमचा कॉफीत फिरवत राहिली. कॉफीत साखर नव्हती.

“रेकाचे वडील कोण, हे तुम्हाला कुणी सांगितलं?” तिने विचारलं.

“अं?”

“माझं लग्न झालेलं नाही, बोरीनेनी. हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

बोरीनेनीला वाटलं आपण खुर्चीसकट जमिनीत जातो आहोत. “मला माहीत नव्हतं! देवाशपथ, पोरी. माझ्या हातात दोर होता आणि मुलगी खोकत होती...”

“म्हणजे न सांगताच कळलं. कमाल आहे.” त्युंदेचा आवाज शांत होता, इंजेक्शन देताना नर्सचा असतो तसा. “इतके रविवार मी गुन्हेगाराच्या जागेवर बसून गीतं म्हणत होते.”

“छान म्हणतेस तू,” बोरीनेनी म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

“उद्यापासून नाही म्हणणार. दवाखान्याच्या मागं खोली मिळते. सोमवारी विचारते मी.”

“उद्या ये. नव्या भाकरीचा रविवार आहे. मी तुला माझ्या जागेवर नेते. चौथा बाक. हाताला धरून नेते.”

“दया म्हणून?”

बोरीनेनी नुसतं “उद्या ये” म्हणाली, दोनदा, आणि ताटली तिथेच विसरून निघून आली.

रविवारी पहिली घंटा झाली, दुसरी झाली. दारात हातांची रीघ लागली. “आशीर्वाद, शांती. आशीर्वाद, शांती.” झेनी नव्या रेशमी रुमालात आली आणि आत जाताना तिने मुद्दाम त्या आखूड बाकाकडे बघून घेतलं. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. पुढे वाट रिकामी. ओढ्याकडच्या गल्लीत एक कोंबडी रस्ता ओलांडत होती, तीही सावकाश.

बोरीनेनीने तिसरी घंटा सुरू केली.

तिसरी घंटा तीन मिनिटांची. तीन मिनिटं झाली. दोरापाशी उभं राहिलं की उघड्या दारातून गल्लीचं टोक दिसतं, आणि टोकाशी कुणी नव्हतं. थांबवली की पाळकसाहेब आत येणार, दार लागणार, आणि उद्या सोमवार. मग आणखी दहाच ठोके, असं तिने ठरवलं. दहा झाले. आणखी दहा. पाळकसाहेब घराच्या फाटकात झगा घालून उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, मग घंटेकडे बघितलं, मग पुन्हा घड्याळ, जणू दोघांतलं एक खोटं बोलतंय.

आत कुजबुज सुरू झाली. गावात घंटा इतका वेळ वाजते ती एकाच गोष्टीसाठी. पुरुषांच्या बाजूचे बाक करकरले आणि अल्बर्टबाची टोपी हातात घेऊन पळत बाहेर आला.

“बोरी! आग कुठं लागलीय?”

“कुठं नाही!”

“मग वाजवतेस काय?”

“तिसरी!”

“तिसरी? चौथी, पाचवी, सगळी संपवलीस तू!” तो टाचा उंचावून धूर शोधू लागला. त्याच्यामागे आणखी चौघे बाहेर आले आणि चार दिशांना बघू लागले. एकाने विहिरीवरची बादलीसुद्धा उचलली. “थांबव, बाई! लोकांना झटके येतील!”

बोरीनेनीचे खांदे आगीसारखे पेटले होते, त्यामुळे आग अगदीच नव्हती असं म्हणता येणार नाही. पण ती थांबेना. प्रकरण मंडळीपुढे जाणार होतं, मंगळवारी कारभाऱ्यांच्या बैठकीत तिला उभं करणार होते, कदाचित दोर काढून घेणार होते. हे सगळं तिला ओढता ओढता स्वच्छ दिसत होतं, आणि तरी हात खाली-वर होत होते.

गल्लीच्या टोकाशी कुणीतरी पळताना दिसलं.

त्युंदे होती. केस ओले, अंगावर स्वयंपाकाचा एप्रन, पायात घरातल्या सपाता, आणि खांद्याला औषधांची पिशवी. ती अंगणातल्या पुरुषांना ढकलत थेट दारात आली.

“कोण पडलं?” ती धापा टाकत ओरडली. “कुठंय? हवा येऊ द्या, बाजूला व्हा!”

बोरीनेनीने दोर सोडला. म्हणजे सोडायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात, डाव्या हाताने उजव्या हाताची एकेक सोडवावी लागली.

“कुणी पडलं नाही,” ती म्हणाली. “तू आली नव्हतीस.”

त्युंदे तिच्याकडे बघत राहिली. “त्यासाठी घंटा?”

“माझ्याकडं दुसरं काही नाही वाजवायला.”

आणि त्युंदेने काही बोलण्याआधी तिने तिचा हात धरला. दोराने सोललेला तळवा ओल्या हातावर चरचरला. ती तिला घेऊन आत निघाली.

“माझ्या पायात सपाता आहेत,” त्युंदे कुजबुजली.

“असू देत.”

“बोरीनेनी, मी बसेन असं म्हटलेलं नाही.”

“मला माहीत आहे.”

मधली वाट वीस पावलांची. बोरीनेनीला ती शेजारच्या गावाइतकी लांब वाटली. चौथ्या बाकापाशी ती थांबली. झेनीने वर पाहिलं, एप्रन पाहिला, सपाता पाहिल्या, आणि जागेवरून तसूभर हलली नाही.

“हिला मी आणलंय,” बोरीनेनी म्हणाली. आवाज फुटला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. “हिला मी आणलंय.”

“ही जागा लेहेलच्या बायकोची आहे,” झेनी म्हणाली. “तूच सांगतेस दरवर्षी.”

“ती येणार नाही. कधीच येणार नाही, झेनी. मलाही माहीत आहे, तुलाही माहीत आहे.”

पूर्वी ती हे वाक्य स्वतःशीसुद्धा बोलली नव्हती. झेनीचं तोंड उघडं राहिलं, पण बाक तिने सोडला नाही. “आणि तो दाराचा बाक? तिथं बसवायला काहीतरी कारण असेल ना?”

“कारण मी. घाबरले आणि चुकले. तिनं काही केलेलं नाही. केलं ते मी, आणि इतके दिवस तोंड उघडलं नाही तेही मीच.” बोरीनेनी झेनीकडे बघून बोलत होती, पण चर्च लहान होतं आणि छत लाकडी, शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेले. “मला क्षमा करा.”

असं सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायची रीत या चर्चमध्ये जुनी होती. त्याला काय उत्तर द्यायचं, हे म्हाताऱ्यांनाच आठवत होतं, आणि म्हातारे गप्प होते. हातातला हात सुटेल असं बोरीनेनीला वाटलं, पण तो सुटला नाही. उलट त्युंदेने दोन बोटं तिच्या मनगटावर सरकवली. नाडी बघत होती.

“बसवा यांना कुणीतरी,” त्युंदे मोठ्याने म्हणाली. “ठोके फार जलद आहेत.”

“आधी तू बस,” बोरीनेनी म्हणाली.

“आधी तुम्ही.”

“अगं, दोघी बसा काय त्या!” दारातून अल्बर्टबाची ओरडला. “क्षमा केली! मंडळीनं क्षमा केली, बोरी! फक्त पुन्हा घंटेला हात लावू नकोस!”

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. झेनीने एक लांब उसासा टाकला आणि सरकली. कपाट सरकवतात तशी, एकदा इकडून, एकदा तिकडून. जागा झाली ती एका माणसापेक्षा बरीच जास्त होती. इतकी वर्षं ती कुठे ठेवली होती कुणास ठाऊक.

त्युंदे तरीही उभीच होती.

“रेका घरी एकटी आहे,” ती म्हणाली.

ही बाहेर पडली की घर, घरातली खोकी, सोमवारची बस. धरून ठेवण्यासारखं आता हातात काही उरलं नव्हतं, दोरही नाही.

“घेऊन ये तिला,” बोरीनेनी म्हणाली. “पाळकसाहेब थांबतील.”

“थांबतो,” दारातून पाळकसाहेब म्हणाले. “आज मला कसलीच घाई उरलेली नाही.”

त्युंदेने खांद्यावरची पिशवी काढली, झेनीशेजारी रिकाम्या जागेवर ठेवली, आणि सपाता वाजवत बाहेर गेली.

बोरीनेनी दारापाशी येऊन उभी राहिली. पिशवी ठेवली म्हणजे येईल. पण नर्सकडे अशा दोन पिशव्या असल्या तर? मागे कुणीतरी चौथ्या बाकापाशी जाऊन हळूच काही विचारलं, आणि झेनीचा आवाज आला, “दिसत नाही का? भरलीय जागा.”

गल्लीच्या टोकाशी आधी मुलगी दिसली, फ्रॉकचं एक बटण चुकीच्या काजात लावलेली, मग त्युंदे, हातात कालची ताटली घेऊन. सपाता त्याच.

“बूट घालायचे होतेस,” बोरीनेनी म्हणाली. तिला दुसरं काही सुचेना.

“उशीर झाला असता.”

बोरीनेनीने मुलीचा हात हातात घेतला, मग आईचा. “आशीर्वाद, शांती.” दोघी मधल्या वाटेने आत गेल्या. तिने त्यांना पाठीमागून मोजलं, एक, दोन, आणि चौथ्या बाकावर बसलेलं पाहिलं.

“बोरी,” अल्बर्टबाची दमून म्हणाला, “आता तिसरी रीतसर मिटव. तीन ठोके. मोजून.”

तिने सोललेल्या हातांनी दोर धरला आणि तीन ठोके दिले. चौथा होऊ नये म्हणून दोर पोटाशी घट्ट धरून ती तिथेच उभी राहिली.